मौजे आणि मजरे

भोरच्या एसटी आगारातून संध्याकाळी सुटणाऱ्या काही गाड्या त्या रात्री परतत नाहीत. या मुक्कामी गाड्या. खोऱ्याच्या टोकाशी, जिथे रस्ता संपतो त्या गावात गाडी रात्रभर उभी राहते. चालक-वाहक देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत पथारी टाकतात, गावातल्या एखाद्या घरून कालवण-भाकरी येते आणि झुंजूमुंजू होताच तीच गाडी दुधाचे कॅन, कॉलेजची पोरे, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या आणि तहसिलात खेटे घालणारी माणसे घेऊन खाली उतरते. संध्याकाळी या गाडीतून उतरणाऱ्यांकडे नीट पाहावे. पाटीवर ज्या गावाचे नाव आहे तिथे थांबणारे थोडेच असतात. बाकीचे पिशव्या डोक्यावर घेऊन पुढे चालू लागतात. कुणी ओढा ओलांडून समोरच्या सोंडेवर, कुणी रानातून वर माळाला. कुणाचा अर्धा तास, कुणाचे दोन तास. ते ज्या वाड्यांना जातात त्यांची नावे एसटीच्या पाटीवर नसतात आणि बहुतेकदा सरकारच्या गावांच्या यादीतही नसतात.

महसुली कागदात गाव म्हणजे मौजे. मौज्याला शीव असते, गट नंबर असतात, नकाशा असतो, गावठाण असते, जनगणनेतला क्रमांक असतो. त्याच शिवेत मूळ गावापासून दूर जी वस्ती असते ती मजरे. मजऱ्यातली जमीन मूळ गावच्या सातबाऱ्यात, माणसे मूळ गावच्या शिरगणतीत, घरे मूळ गावच्या ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये. भोर आणि वेल्हे या पुणे जिल्ह्याच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या तालुक्यांत एका मौज्याखाली तीन-तीन, चार-चार वाड्या सहज सापडतात. पूर्वेकडच्या देशावरच्या गावासारखी एका वेशीत, एका पाराभोवती गोळा झालेली वस्ती इथे होऊच शकत नव्हती. डोंगराच्या सोंडा नदीपर्यंत उतरतात, सपाटी वीतभर, भाताची खाचरे उतारावर पायऱ्यांसारखी बांधलेली. जिथे चार खाचरे होतील एवढी जमीन आणि उन्हाळ्यात आटणार नाही असा झरा, तिथे चार घरे. वाडीला नाव मिळते ते कधी भावकीच्या आडनावावरून, कधी देवावरून, कधी झाडावरून. आणखी वर, माळावर, गवळी धनगरांचे धनगरवाडे. नदीकाठी किंवा गावाच्या कडेला कातकऱ्यांची खोपटी.

वेल्हे तालुक्यात तर एकही शहर नाही. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास भरली, आणि ती सगळी ग्रामीण. २००१ ते २०११ या दहा वर्षांत पुणे जिल्हा ७२ लाखांवरून ९४ लाखांवर गेला; त्याच काळात वेल्ह्याची माणसे थोडी कमी झाली. पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवरच्या तालुक्याची ही स्थिती. भोरला निदान नगरपालिका आहे, राजवाडा आहे, बाजारपेठ आहे. वेल्ह्याचे तालुक्याचे ठिकाण म्हणजे तोरण्याच्या पायथ्याचे एक गाव, कचेऱ्यांमुळे वाढलेले.

मजऱ्याचा माणूस पंचायतीत कुठे बसतो हे पाहायला हवे, कारण त्यावर त्याचा नळ, रस्ता आणि दिवा अवलंबून आहे. महाराष्ट्राचा ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्यात एक महसुली गाव, अनेक गावांचा गट किंवा महसुली गावाचा भाग असलेली वाडी, यांपैकी काहीही 'गाव' म्हणून जाहीर करता येते. म्हणजे कायद्याने वाडीला दार बंद केलेले नाही. पण स्वतंत्र पंचायत मिळायला लोकसंख्येची अट असते, आणि तीस उंबऱ्यांच्या वाडीला ती कधीच पुरी करता येत नाही. म्हणून या भागात गट ग्रामपंचायती फार. छोट्या पंचायतीत ७ सदस्य असतात. लोकसंख्या वाढेल तसे ते १७ पर्यंत जातात. त्या सातांत एखादी जागा वाडीच्या वाट्याला आली तर आली, आणि तिथेही आरक्षणाप्रमाणे उमेदवार मिळायला हवा. सरपंच थेट लोकांतून निवडायची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. थेट निवडणुकीत मोठ्या गावठाणाची मते ज्याच्या मागे तो सरपंच. वाडीची मते मोजताना कामी येतात, निकाल बदलण्याइतकी ती क्वचितच असतात. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. यातला १५ ऑगस्टचा दिवस घ्या: ओढे भरलेले, वाटेवर शेवाळ, खाचरात बेणणी चाललेली. धनगरवाड्यावरची बाई त्या दिवशी मौज्याच्या समाजमंदिरात पोचून पाण्याच्या टाकीचा ठराव मांडेल, ही अपेक्षा करणे म्हणजे तिला तो हक्क न देण्यासारखेच आहे.

घराचा प्रश्न याहून अवघड. वाडीतली बरीच घरे गावठाणाबाहेर, शेतजमिनीवर किंवा वनखात्याच्या हद्दीलगत पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करून मालमत्तेची सनद द्यायची योजना २०२० मध्ये देशभर सुरू झाली. तिची पहिली चाचणी शेजारच्याच पुरंदर तालुक्यात, सोनोरीला झाली होती. गावठाणातल्या माणसाला त्यामुळे घरावर कर्ज काढता येईल असा कागद मिळाला. गावठाण नसलेल्या वाडीला तो कागद मिळायची वाट लांबची आहे. घरकुल मंजूर होते, पण जागा स्वतःच्या नावावर दाखवा म्हटले की चुलत्याचा, आत्याचा, मुंबईच्या पुतण्याचा असा सामाईक सातबारा पुढे येतो आणि हप्ता अडकतो. आता दोन्ही तालुक्यांचा काही भाग २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात आहे. त्या हद्दीतल्या वाडीला बांधकामाचे नियम महानगराचे लागू होतात.

वाडीला इतिहास नाही असे कुणी म्हणेल तर ते मी मान्य करणार नाही. इतिहास आहे, तो दुसऱ्याच्या कागदात, दुसऱ्याच्या नावावर आहे. बारा मावळांपैकी निम्मी या दोन तालुक्यांत येतात: हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे, मोसे खोरे. नदीचे एक खोरे म्हणजे एक देशमुखी. हिरडस मावळात बांदल, रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे, गुंजण मावळात शिळीमकर, कानद खोऱ्यात मरळ, मोसे खोऱ्यात पासलकर. शिवाजी महाराजांनी स्वराज्याचा पाया घातला तो या देशमुखांना जोडून, आणि देशमुखामागे माणसे उभी राहिली ती वाड्यावस्त्यांवरून. १३ जुलै १६६० ला घोडखिंडीत सिद्दीची फौज अडवून धरणाऱ्यांत बांदलांचे लोक होते. त्यांचे पुढारी बाजी प्रभू भोरजवळच्या शिंद गावचे. त्यांचे नाव महाराष्ट्राचे पोर न् पोर जाणते. त्यांच्यासोबत कापले गेलेले बहुतेक जण कुठल्या सोंडेवरून, कुठल्या झऱ्याच्या काठावरून आले होते हे कोणत्याच यादीत नाही. हिरडस मावळात आजही एखाद्या वाडीत आमचे पूर्वज खिंडीत होते असे सांगतात. कागद मागितला की ते गप्प होतात. कागद राखायचे काम देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यात होत असे, खोपटात होत नसे.

कागद राखल्याने काय होते याचे सर्वांत मोठे उदाहरणही याच मातीत आहे. कारीच्या जेधे घराण्याकडे एक शकावली होती: कुठल्या साली, कुठल्या तिथीला काय घडले याच्या मोजक्या नोंदी. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. शिवजन्माची तिथी तोवर बखरींच्या आधाराने १६२७ मधली धरत. शकावलीत ती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. त्यावर दशके वाद झाले, इतर पुरावे जुळत गेले आणि अखेर राज्य सरकारने हीच तारीख स्वीकारली. भोर तालुक्यातल्या एका लहान गावातल्या घराने जपलेल्या चार पानांनी सबंध महाराष्ट्राची जयंती बदलली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते आणि तितकीच बोचतेही. त्याच डोंगरात शेकडो घरे होती; त्यांच्याकडे पाने असती तर आपल्याला त्या काळाविषयी आणखी काय कळले असते!

पुढे या भागाचे राज्य झाले. राजाराम महाराजांनी १६९७ मध्ये शंकराजी नारायण यांना सचिवपद दिले. त्यांच्या वंशातले पंतसचिव भोरचे संस्थानिक. सातारचे राज्य इंग्रजांनी खालसा केल्यावर भोर इंग्रजांचे मांडलिक झाले आणि ८ मार्च १९४८ ला मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानाने तालुक्यांना किल्ल्यांची नावे दिली होती: विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा, शिवाय राजगड आणि घाटाखालचा सुधागड. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करायचा निर्णय घेतला, तेव्हा जुनीच रीत परत आली. लोकांना त्याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. महाराजांची राजधानी सुमारे पाव शतक त्या गडावर होती. गडाच्या पायथ्याची गुंजवणे, पाल, वाजेघर, भुतोंडे ही नावे गडकोटांची आवड असलेल्यांना तोंडपाठ असतात. गडावर ताक-दही विकायला येणाऱ्या बाईची वाडी यांपैकी एकही नसते, हे मात्र फार थोडे जण विचारून घेतात.

रायरेश्वराकडे वळू. भोरहून अंबवड्याकडून जाऊन, डोंगर चढून वर गेले की साडेचार हजार फुटांवर कित्येक किलोमीटर लांब पसरलेले पठार लागते. शंभू महादेवाचे देऊळ आहे. १६४५ मध्ये शिवरायांनी सवंगड्यांसह स्वराज्याची शपथ इथे घेतली ही परंपरा. देवळापाशी येऊन बहुतेक जण दर्शन घेतात, फोटो काढतात आणि उतरतात. पण पठारावर जंगमांची वस्ती आहे, पिढ्यान्‌पिढ्या महादेवाची पूजा करणारी आणि तिथेच नाचणी-वरई पिकवणारी. या वस्तीला खालच्या जगाशी जोडणारा शेवटचा टप्पा म्हणजे कड्याला लावलेली लोखंडी शिडी. सिमेंटची गोणी, गॅसची टाकी, पत्रे, शाळेची खुर्ची, आजारी माणूस, सगळे या शिडीवरून. गोणी नेणारा आधी निम्मी रिकामी करतो, पाठीला दोरीने आवळतो आणि दोन्ही हात कठड्याला मोकळे ठेवतो. शिडीवर समोरून कुणी येत असेल तर ओझेवाला आधी जातो, हा अलिखित नियम. अलीकडच्या वर्षांत इथल्या शेतकऱ्यांनी पठारावर ट्रॅक्टर नेला. शिडीखाली त्याचे सगळे भाग सुटे केले, चाके वेगळी, इंजिन वेगळे, आणि खांद्याखांद्यावरून वर नेऊन पुन्हा जोडले. बातम्यांत ते नवल म्हणून आले. तिथे राहणाऱ्याच्या दृष्टीने ते नांगरटीचे काम होते: बैल सांभाळणारी पोरे शहरात गेली, आणि जमीन तर कसायची आहे.

वेल्ह्याच्या पश्चिम टोकाला, घाटमाथ्याच्या अगदी कडेवर, मोहरी आणि सिंगापूर. इथून समोर लिंगाणा आणि त्यामागे रायगड दिसतो, खाली सरळ कोकण. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि एप्रिलमध्ये झऱ्याशी वाटी-वाटीने हंडा भरावा लागतो. कातळावरून पाणी धावत निघून जाते, मुरत नाही. या कडेवरच्या लोकांची कचेरी वेल्ह्याला; सोयरिकी, बाजार आणि देव मात्र कितीतरी पिढ्या घाटाखाली महाड भागाशी जोडलेले. बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ या वाटा आज गिर्यारोहक दोर लावून उतरतात. त्याच वाटांनी इथल्या बायका लग्नाला, बारशाला जात आल्या. तालुक्याची, जिल्ह्याची हद्द कड्यावरून आखली ती नकाशाच्या सोयीने. माहेर एका जिल्ह्यात, सासर दुसऱ्या जिल्ह्यात, मधे दोन-अडीच हजार फुटांचा कडा, आणि जातीच्या दाखल्याला माहेरची नोंद आणा म्हणून सांगणारी खिडकी. रस्ता वेल्ह्याच्या बाजूने आला तशी सोयरिकीची दिशाही हळूहळू फिरली. आता मुली पुण्याकडे देतात.

या सहा खोऱ्यांना सर्वांत मोठा धक्का बसला तो धरणांचा. वेळवंडी नदीवर भाटघर: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुने धरण झाले आणि १९२८ मध्ये आजचे मोठे धरण, त्या वेळचे लॉइड धरण. आंबी नदीवर पानशेत, मोसी नदीवर वरसगाव, नीरेवर नीरा देवघर, कानंदीवर गुंजवणी. जलाशयांना नावे दिली ती शिवकाळातल्या वीरांची. भाटघरला येसाजी कंक यांचे, ते भुतोंड्याचे, वरसगावला बाजी पासलकरांचे, ते मोसे खोऱ्याचे, पानशेतला तानाजींचे. पाणी खाली जाते: भाटघर आणि देवघरचे बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या उसाला, पानशेत-वरसगावचे खडकवासल्यातून पुण्याच्या नळांना. पुणेकराला पानशेत म्हटले की १२ जुलै १९६१ आठवतो, फुटलेले धरण, वाहून गेलेल्या पेठा. ती आठवण खरी आणि दुःखाची आहे. आंबी खोऱ्यातल्या माणसाची पानशेतची आठवण त्याही आधीपासूनची आहे: जमीन गेल्याची, गाव उठल्याची, दौंडकडच्या उघड्या माळावर नव्याने चूल मांडल्याची.

वाडीच्या बाबतीत धरणाने काय केले ते पुरेसे लिहिले गेलेले नाही. खोऱ्याच्या तळाशी गावठाण होते, उत्तम भातजमीन होती आणि वाटा होत्या. पाणी आले तेव्हा तळ बुडाला, गावठाण बुडाले. सातबारा असलेल्यांना मोबदला आणि पर्यायी जमीन, निदान कागदावर, मिळाली. वरच्या वाड्या बुडाल्या नाहीत, म्हणून त्या धरणग्रस्तही ठरल्या नाहीत. पण त्यांची नदीकाठची वाट बुडाली, मधला ओढा खाडीएवढा रुंद झाला, शाळेचे आणि बाजाराचे गाव उठून गेले. जिथे अर्ध्या तासात चालत जात तिथे आता होडी हवी, नाहीतर अख्खा जलाशय वळसा घालून यायला हवे. कुळाने कसणारा, सालगडी, कातकरी यांच्या नावावर जमीनच नव्हती. त्यांचे उठणे कुठल्या रकान्यात बसले नाही. शिवाय काही घरे उठून लांब गेली नाहीत, पाण्याच्या पातळीवर सरकली आणि तिथे नवी वाडी झाली. अशा वाडीचे सगळे काही वेगळे: खाचरे नव्याने फोडलेली, देव नव्याने बसवलेला, आणि समोर निळ्या पाण्याखाली जुने गाव. भाटघरच्या पोटात कांबरे गावापाशी कांबरेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे. वर्षातले बहुतेक महिने ते बुडालेले असते. मे महिन्यात पाणी उतरले की वर येते आणि आसपासच्या वाड्यांची माणसे चिखल तुडवत जाऊन पूजा करतात, दगडांत साचलेला गाळ काढतात. दोन-चार आठवड्यांत पाऊस लागतो.

आता दोन तुलना मांडतो, कारण त्यांखेरीज हा प्रश्न नुसताच भावनेचा वाटेल. पुणे जिल्ह्याचे अनुसूचित क्षेत्र आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत आहे. तिथे १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम लागू होतात, आणि त्यांखाली एखाद्या पाड्याला स्वतःला गाव म्हणून जाहीर करून घेता येते, स्वतःची ग्रामसभा भरवता येते. तिथल्यासारखीच महादेव कोळी समाजाची वाडी वेल्ह्यात असेल तर तिला ही वाट नाही. डोंगर तोच, पाऊस तोच, माणसे तीच; सीमारेषा आड आली. दुसरी तुलना लवासाची. वरसगाव जलाशयाच्या काठावर, मुळशी आणि वेल्ह्याच्या हद्दीत, खासगी कंपनीने वसवायला घेतलेल्या या नगराला सरकारने २००८ मध्ये विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला. तो २०१७ मध्ये काढून घेतला. म्हणजे अजून पुरती माणसे राहायला न आलेल्या वस्तीला स्वतःचा नकाशा मंजूर करायचा अधिकार नऊ वर्षे होता. समोरच्या काठावर शेकडो वर्षे राहणाऱ्या वाडीला आपले गावठाण मागण्यासाठी प्रांतापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत अर्ज करावे लागतात. हे न्यायाचे नाही, आणि ते बदलायला नवा कायदाही लागत नाही. जमीन महसूल अधिनियमात गावठाण ठरवायची तरतूद १९६६ पासून आहे.

मग एवढी वर्षे वाडी चालली कशावर? गावकीवर आणि इर्जिकीवर. भाताची लावणी हे त्याचे उत्तम दर्शन. उन्हाळ्यात राब भाजतात: रोपाच्या तुकड्यावर शेणाच्या गोवऱ्या, वाळला पाला, कवळ, गवत असे थर देऊन वर माती पसरतात आणि वाऱ्याची दिशा बघून पेटवतात, म्हणजे तण मरते आणि राखेचे खत होते. मृगात तिथे भात पेरतात आणि रोप वीतभर वर आले की लावणी. लावणीला वेळ थोडा, माणसे जास्त लागतात. एका घराला ते झेपत नाही. म्हणून आज सगळी वाडी एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरीचे पैसे नाहीत. ज्याचे शेत त्याच्याकडे जेवण. कुणाचा नंबर कधी हे म्हातारी माणसे ठरवतात, आणि ते पाण्यावर ठरते, मोठेपणावर नाही: ज्याच्या खाचरात पाणी आधी उतरून जाते त्याची लावणी आधी. विधवेच्या शेताला बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन-तीन दिवसांत हात लागतो. यातले कुणी लिहून ठेवत नाही आणि कुणी विसरतही नाही. वाटेवरची पायरी, झऱ्याचा बांध, होळीचा माळ, रात्री कुणी आजारी पडले तर वाकळ बांबूला बांधून डोली करून सडकेपर्यंत नेणे, हे सगळे याच हिशेबात चालते. आता वाडीत तरुण हात कमी राहिले आणि डोलीला चार खांदे जमवायला शेजारच्या वाडीला हाक मारावी लागते.

गेलेले हात मुंबईत आहेत, पुण्यात आहेत, शिरवळ-खेड शिवापूरच्या कारखान्यांत आहेत. मुंबई सगळ्यांत जुनी. गोदी, गिरण्या, बाजारातली हमाली. त्या काळी गावकीने मिळून घेतलेली एक खोली असे आणि वाडीतून आलेला पोरगा सरळ त्या खोलीत जाई. पाळीपाळीने झोपायचे, खाणावळीत जेवायचे, गावी मनीऑर्डर करायची. या खोल्यांतूनच ग्रामस्थ मंडळे निघाली. वाडीतल्या भैरवनाथाच्या, वाघजाईच्या, जननीच्या देवळांचे जीर्णोद्धार बहुतांशी या मंडळांच्या पैशाने झाले. सरकारच्या योजनेआधी नळाचा पाइप आणणारी मंडळे आहेत, शाळेला पत्रे घालणारी आहेत. चैत्र-वैशाखात यात्रेला गाड्या भरून माणसे येतात, बंद घरांची कुलुपे निघतात, दोन रात्री वाडीचा माळ भरून जातो.

या मंडळांकडे वर्गणीची वही असते. देवळाच्या कपाटात किंवा खजिनदाराच्या पेटीत, लाल कापडी बांधणीची. कोणत्या साली किती घरांनी वर्गणी दिली, कोण मयत झाले, कुणाची दोन घरे झाली, विहिरीला किती लागले, तमाशाला किती दिले, हे सगळे तीत तारखेसह असते. जेध्यांची शकावली अशीच होती, साल-तिथी आणि घटना. माझे सांगणे एवढेच की या वह्यांचे फोटो काढून ठेवावेत, एकेक पान, आणि एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात द्यावी. गावठाणाच्या प्रस्तावाला वस्ती किती जुनी हे दाखवायचे झाले तर घरपट्टीच्या पावतीच्या जोडीला हीच वही उभी राहील.

दुसरे दप्तर शाळेतले. जिल्हा परिषदेच्या वाडीवरच्या शाळेत मुलांच्या प्रवेशाचे जनरल रजिस्टर असते: नाव, जन्मतारीख, जात, राहण्याचे ठिकाण. हे कायम जपायचे दप्तर आहे. धनगर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांना जातीचा दाखला काढायचा तर आजोबांचे नाव सापडण्याची एकमेव जागा अनेकदा तीच. २०१७ मध्ये दहाच्या आत पट असलेल्या तेराशेवर शाळा दुसऱ्या शाळांत मिळवायचा निर्णय राज्याने घेतला. २०२३ मध्ये वीसच्या आतल्या शाळांच्या समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले, तेव्हा नमुना म्हणून नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर वेल्ह्यातल्या पानशेतचेच नाव पुढे होते. मोठ्या शाळेत मुलांना सवंगडी मिळतात, प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळतो, हे खरे आहे आणि काही पालकांना ते हवेही आहे. पण शाळा मिटली की रजिस्टर गोणीत भरून जाते, आणि वाडीला ते कुठे गेले हे कुणी सांगत नाही. बंद केलेल्या प्रत्येक शाळेच्या दारावर, त्या शाळेचे दप्तर आता कोणत्या शाळेत आहे याची पाटी लावायचा आदेश शिक्षण विभागाने काढावा. आणि त्या पाटीवर मौज्याच्या नावाखाली वाडीचे नाव लिहावे.